तुलनेचा संगणक

कासेगिरी नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर नऊ संगणक होते. नवव्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर दसऱ्याचा वाळलेला हार. तो दोन वर्षांपूर्वीच बंद पडला होता. उरलेले आठ चालू होते. आठही मॉनिटर जुने, मागच्या बाजूला ढेरी सुटलेले, आणि आठही उजळलेले. खुर्च्या आठ. खुर्च्यांच्या पाठीला अडकवलेल्या पिशव्या पाच. टेबलांवर उघडे ठेवलेले चष्मे तीन, टोपण काढून ठेवलेली पेनं सहा. माणसं दोन.

वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. डिसेंबरचा पहिला सोमवार. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं, कारण काहीही बदलण्याआधी जे आहे ते मोजावं, एवढं मला तीन वर्षांत नक्की शिकवलं गेलं होतं.

"काय लिहिताय?" दोघांपैकी एकाने विचारलं. हे ढवळेअण्णा, आस्थापना विभागाचे वरिष्ठ लिपिक. गळ्याला मफलर, समोर चहाचा रिकामा कप.

"मी मेघना टिळेकर. ऊर्जा बचत उपक्रम. सहा महिन्यांचं कंत्राट आहे. इथल्या संगणकांची वीज वीस टक्के कमी करायची."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. फिजिक्स."

"अरेरे," ते मनापासून म्हणाले.

तेवढ्यात एक गृहस्थ जिना चढून आले. घरपट्टीच्या टेबलापुढे उभे राहून त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बागवान कुठायत हो?"

"जागेवर आहेत," ढवळेअण्णा मान वर न करता म्हणाले.

"कुठं? खुर्ची तर मोकळी दिसती."

"कंप्युटर चालू दिसतोय न्हवं? मग जागेवर आहेत. बसा."

गृहस्थांनी मॉनिटरकडे पाहिलं. तो उजळलेला होता. त्यांचं समाधान झालं आणि ते बाकावर बसले.

ही तिथली रीत होती. ढवळेअण्णांनीच ती मला नंतर समजावून सांगितली. पूर्वी खुर्चीला कोट अडकवत. मग कोट गेले, छत्री आली. पण छत्री उन्हाळ्यात शोभत नसे. संगणक आले आणि प्रश्न कायमचा सुटला. हजेरीपटावर सही सकाळी एकदा, बाकीच्या दिवसाची हजेरी पडद्याची. पडदा उजळलेला म्हणजे माणूस हजर, फक्त जरा इकडेतिकडे.

दुसरं जे माणूस खरोखर जागेवर होतं, त्या हणबरबाई. जन्म-मृत्यू नोंदणी. त्यांचं टेबल खिडकीखाली, संगणक क्रमांक सात. त्यांच्यापुढे नेहमी पाच-सहा माणसं असत, कारण घरपट्टी थांबते, जन्म थांबत नाहीत, आणि दुसरी गोष्ट तर मुळीच नाही.

मी माझं मीटर काढलं. भिंतीतला प्लग आणि संगणकाची पिन यांच्यामध्ये बसणारा तो एक डबा होता. किती वीज जाते ते तीन दशांश स्थळांपर्यंत दाखवायचा. नुसता चालू ठेवलेला संगणक, कोणी हात न लावता: सीपीयू ६६ वॅट, मॉनिटर ७२. कार्यालय दहा ते सहा. दिवसाला १.१०४ युनिट, प्रत्येकी.

उपाय सोपा होता आणि तो त्या जुन्या यंत्रांमध्ये पहिल्यापासून होता. कोणी सुरू केला नव्हता एवढंच. संगणक सुरू होत असताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो, त्याच्यात यंत्राने किती गाढ झोपायचं ते ठरवता येतं. मग नेहमीच्या पडद्यावर येऊन सांगायचं: दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर मॉनिटर काळा कर, अर्ध्या तासाने स्वतःही झोप. माउस हलवला की जागा हो.

पहिल्याच दिवशी मी बागवानांचा संगणक झोपवला. बागवान तोवर परत आले होते. उंच, हसतमुख, खिशात नेहमी पेचकस. मी माउस हलवला. काही नाही. कीबोर्डवर दाबलं. काही नाही.

"उठंना झालाय," बागवान म्हणाले.

ढवळेअण्णा खुर्चीवरूनच ओरडले, "हणबरबाई, नोंद करून घ्या!"

"कारण?" हणबरबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"झोपेत."

"वय?"

"पाच वर्षं. मागे एक प्रिंटर."

सगळे हसले. मी बटण दाबून यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि वहीत लिहिलं: या यंत्राला गाढ झोप मानवत नाही, याचा फक्त पडदा काळा करावा.

सातव्या क्रमांकाकडे मी आले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. हणबरबाईंनी शेवटच्या माणसाला दाखला दिला आणि माझ्याकडे वळल्या.

"दहा मिनिटांनी हा काळा होणार?"

"हो."

"माणूस नुसता उठून गेला तरी?"

"माणूस उठून गेला म्हणूनच."

त्या हळूच म्हणाल्या, "माझा उद्या कराल का, मॅडम?"

बारा दहाला त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुना चष्मा काढला, काचेला तडा गेलेला. तो उघडून वहीवर ठेवला. पेनाचं टोपण काढलं. खुर्ची अर्धी वळवली, जसं कोणी आत्ताच पाणी प्यायला उठलं असावं. आणि पिशवी घेऊन मागच्या जिन्याने गेल्या. बारा पन्नासला परत आल्या. दुसऱ्या दिवशीही बारा दहा, बारा पन्नास. तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"घरी सासूबाई आहेत," त्या म्हणाल्या. "काही लक्षात राहत नाही त्यांच्या. बाहेरून कुलूप लावून येते मी. बाराला त्यांना भूक लागते आणि भूक लागली की गॅस पेटवायला जातात. मागच्या वर्षी पदराला लागलं. जेवायला घालून, निजवून परत येते."

"मग साहेबांना सांगा ना. जेवणाची सुट्टी दीडला आहे, ती तुम्ही बाराला घ्या."

"अर्ज केला होता. 'नियमात बसत नाही, इतर कर्मचारीही तशीच मागणी करतील', असा शेरा आला."

"हालचाल नोंदवहीत लिहून जा."

"खासगी कारण लिहिलं की अर्धी रजा. तशाने माझ्या रजा मार्चातच संपतील." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "नवीन साहेबांनी एक मेमो दिलाय आधीच. दुसरा मिळाला की जलशुद्धीकरण केंद्रावर बदली. नऊ किलोमीटर. मग बाराला कशी येणार मी?"

नवीन साहेब म्हणजे मुख्याधिकारी राजहंस. येऊन तीन आठवडे झाले होते. तरुण, टापटीप, शिस्तीचे भोक्ते. ते केबिनमधून क्वचित बाहेर येत, आणि आले की पडदे उजळलेले पाहून परत जात.

गुरुवारी, सात संगणकांवर सुविधा सुरू करून झाल्यावर, ते साडेअकराला बाहेर आले. सातपैकी पाच पडदे काळे होते.

"लाईट गेलीय का?"

"नाही सर. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही, म्हणून झोपलेत."

ते थांबले. ओळीने एकेक काळा पडदा पाहिला. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी नजर माझ्यावर परीक्षकांनीही कधी टाकली नव्हती.

"म्हणजे काळा पडदा याचा अर्थ, दहा मिनिटांपासून माणूस नाही?"

"किमान दहा, सर."

"आणि हे झोपल्याची वेळ कुठे राहते का?"

"राहते. गाढ झोपल्याची आणि उठल्याची, दोन्ही."

मला प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. उत्तर देण्यासाठी एवढं कारण पुरेसं असतं, असं मला तेव्हा वाटत असे.

दुपारी पाच जणांना तोंडी समज मिळाली. ढवळेअण्णा माझ्या टेबलाशी आले. "टिळेकर, मी इथं एकतीस वर्षं काढली. चार साहेब आले, दोन चौकश्या झाल्या. कोणाला जे जमलं नाही ते तुम्ही चार दिवसांत केलं."

"मी वीज वाचवतेय, अण्णा."

"वाचवा की. आमची चाललीय ती इज्जत आहे." मग खिडकीकडे हनुवटी करून म्हणाले, "आम्हाला ओरडा बसला, ठीक आहे. आम्ही चहाला जातो. ती चहाला जात नाही. तिचा कधी करताय?"

"साहेब म्हणालेत, उद्या आठही झालेच पाहिजेत."

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मला सुचलं ते त्याच वेळी, आणि ते पुस्तकातलंच होतं.

शुक्रवारी मी साहेबांना सांगितलं, "सर, एक संगणक जसा आहे तसा ठेवावा लागेल. तुलनेसाठी. नाहीतर फरक सुविधेमुळे पडला की हवामानामुळे, हे सिद्ध होत नाही."

"कुठला ठेवणार?"

"चिठ्ठी टाकून ठरवायचं असतं, सर. पक्षपात नको म्हणून."

"उत्तम. तसंच करा."

मी आठ चिठ्ठ्या केल्या आणि काढल्या. पहिल्यांदा पाणीपट्टी निघाली. दुसऱ्यांदा ढवळेअण्णा. तिसऱ्यांदा पुन्हा पाणीपट्टी. चौथ्यांदा क्रमांक सात. मी कागदाची पट्टी चिकटवली: 'तुलनेचा संगणक. बदल करू नये.'

हणबरबाईंनी ती वाचली. "म्हणजे माझा काळा होणार नाही?"

"नाही."

"कधीपर्यंत?"

"प्रयोग संपेपर्यंत. मे महिना."

त्यांनी पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबला.

दुसऱ्या आठवड्यात थंडी वाढली. मंगळवारी मी आले तर बागवान स्वेटर घालून, कानाला टोपी बांधून बसले होते आणि त्यांच्या टेबलावर पंखा चालू होता. डावीकडून उजवीकडे मान फिरवणारा टेबलफॅन. थोड्या वेळाने बागवान उठून गेले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पडदा काळा झाला नाही. पडद्यावरचा बाण मात्र एका लयीत डावी-उजवीकडे सरकत होता.

मी जवळ जाऊन पाहिलं. पंख्याच्या जाळीपासून माउसपर्यंत काळा शिवणाचा दोरा होता. माउसच्या दुसऱ्या बाजूला रबर, ते खणाच्या मुठीला अडकवलेलं. पंख्याने मान तिकडे वळवली की दोरा माउस ओढे, इकडे वळवली की रबर मागे घेई. रबराची कल्पना खरोखर चांगली होती. नुसत्या दोऱ्याने माउस एका बाजूला जाऊन थांबला असता.

"पतंगाचा मांजा वापरणार होतो," बागवान परत आल्यावर म्हणाले, "पण त्यानं जाळीचा रंग जातो."

"पण बागवानसाहेब, हा पंखा बावन्न वॅटचा आहे!"

"मग? गार पण लागतंय की."

शुक्रवारपर्यंत सात टेबलांवर सात पंखे झाले. भांडारातून सगळे निघाले. एक तर सभागृहातून आणला. साहेबांनी डिसेंबरात पंखे कशाला म्हणून विचारलं, तेव्हा ढवळेअण्णांनी सांगितलं, "यंत्रं तापतात, साहेब. झोपेतून उठली की जास्तच." साहेबांनी मान डोलावली. त्यांना पंख्यांचं काही नव्हतं. पडदे सगळे उजळलेले होते, बाण सगळे हलत होते आणि झोपेच्या नोंदी शून्यावर आल्या होत्या. महिन्याच्या बैठकीत त्यांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, या मुलीने कार्यालयाची उपस्थिती शंभर टक्क्यांवर आणली.

मी वहीत रोज आकडे लिहीत होते. आकडे वर चालले होते. दोरा दिसत होता, पण ते सांगायचं तर सात जणांची नावं सांगावी लागणार होती. आणि गेली दोन वर्षं बारा दहा ते बारा पन्नास हणबरबाईंच्या खिडकीशी कोणी आलं की "जागेवर आहेत, बसा" म्हणणारे ते सातच जण होते.

जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी साहेब बारा पंचवीसला बाहेर आले. एरवी ती त्यांची वेळ नसे. स्वेटर, मफलर, सात पंखे, सात हलते बाण. ओळीने पाहत पाहत ते समाधानाने पुढे आले आणि क्रमांक सातपाशी थांबले.

"इथे बाण हलत नाहीये."

मी माझ्या टेबलावरून उठले. "तो तुलनेचा आहे, सर."

"संगणक तुलनेचा आहे. बाईसुद्धा तुलनेच्या आहेत का?" त्यांनी तडा गेलेला चष्मा उचलून प्रकाशात धरला. "बाकी सगळीकडे काम चाललंय, आणि इथे पडदा चालू, माणूस नाही. कुठे गेल्या?"

पंखे फिरत होते. बाकावर बसलेली एक बाई, कडेवर बाळ, दाखल्याला आली होती. तीही आमच्याकडे पाहू लागली.

"नोंदवहीत लिहिलंय?" साहेबांनी विचारलं. "नाही ना? आस्थापना, मेमो काढा. दुसरा आहे हा. बदलीचा आदेशही सोबतच ठेवा."

ढवळेअण्णा उभे राहिले. मी त्यांना कामासाठी उभं राहिलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"काढतो, साहेब. फक्त एक अडचण आहे. बाई प्रयोगामुळेच उठल्यात."

"म्हणजे?"

"टिळेकर मॅडमनीच सांगितलंय. त्या संगणकाला रोज ठरल्या वेळी चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. तुलनेचा आहे ना तो. बाई जागेवर बसल्या तर हात लागणारच. सवय असते माणसाला."

साहेब माझ्याकडे वळले. ढवळेअण्णाही. बागवानही, एका हाताने गुपचूप दोरा झाकत.

"असं असतं?" साहेबांनी विचारलं.

मी तोपर्यंत न मोजलेली गोष्ट कधी खरी म्हणून सांगितली नव्हती. चिठ्ठी मी चार वेळा काढली होती, पण शेवटी निघाली होती खरी.

"हो, सर," मी म्हणाले. "विरामकाळ लागतो. रोज तोच हवा. बारा दहा ते बारा पन्नास."

"वेळ हलवली तर?"

"सगळं पहिल्यापासून मोजावं लागेल."

साहेबांनी चष्मा खाली ठेवला, होता तिथेच. "मग हे लेखी का नाही? तांत्रिक बाब आहे ही. तांत्रिक बाबी लेखी हव्यात."

"मसुदा तयार आहे, आपल्या सहीसाठीच ठेवलाय," ढवळेअण्णा म्हणाले, आणि साहेब केबिनमध्ये गेल्यावर तो टाइप करायला बसले. बाण सारखा हातातून निसटत होता. "बागवान, धरा तो पंखा!" बागवानांनी दोन्ही हातांनी पंख्याची मान धरून ठेवली. अकरा मिनिटांत कागद निघाला:

'ऊर्जा बचत प्रयोगाच्या अचूकतेसाठी संगणक क्र. ७ दररोज दुपारी १२.१० ते १२.५० विनावापर ठेवण्यात यावा. सदर कालावधीत यंत्रास अनवधानाने स्पर्श होऊ नये म्हणून संबंधित कर्मचाऱ्याने जागेवर थांबू नये. भोजनाची सुट्टी याच कालावधीत घ्यावी. हा आदेश पुढील आदेशापर्यंत अंमलात राहील.'

साहेबांनी वाचला. "नियमात बसतं?"

"यंत्राबाबत आहे, साहेब. यंत्राला नियम आडवा येत नाही."

सही झाली.

हणबरबाई बारा पन्नासला मागच्या जिन्याने आल्या, तेव्हा कागद त्यांच्या वहीवर होता, चष्म्याखाली. त्यांनी उभ्यानेच वाचला. पुन्हा वाचला.

"हे माझ्याबद्दल आहे?"

"संगणकाबद्दल," ढवळेअण्णा म्हणाले. "तुमच्याबद्दल बसत नव्हतं."

कडेवर बाळ घेतलेली बाई पुढे आली. हणबरबाई खाली बसल्या. "बाळाचं नाव काय ठेवलं?" असं त्यांनी विचारलं आणि पेन हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी बारा दहाला मी मुद्दाम पाहत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. तडा गेलेला चष्मा मिटून पिशवीत टाकला. खुर्ची सरळ आत ढकलली. मग मॉनिटरच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हा बंद केला तर चालेल ना, मॅडम? उगीच जळतोय."

"चालेल."

पडदा काळा झाला. त्या पुढच्या जिन्याने गेल्या.

मे अखेर माझं कंत्राट संपलं. उपक्रमाचा अहवाल एका छापील तक्त्यात भरायचा होता. तक्त्यात किती संगणकांवर सुविधा सुरू केली, एवढाच रकाना होता. मी सात लिहिलं, आणि नगरपालिकेला प्रमाणपत्र मिळालं. साहेबांनी ते केबिनमध्ये लावलं. युनिटचा रकाना नसल्याने ते आकडे वहीतच राहिले. याला आता तेरा वर्षं झाली. शेवटच्या पानावर, फेब्रुवारी ते मे, कामाच्या दिवसांची सरासरी अशी आहे:

सुविधा सुरू केलेले सात संगणक, पंख्यांसह: आधी ७.७२८ युनिट, नंतर १०.६४०.

तुलनेचा संगणक: आधी १.१०४, नंतर १.०५८.